तिथी पाहून गाडी काढा: मुंबईहून सागरी किल्ल्यांची तीन दिवसांची सहल

मुंबईतल्या ग्रुपची सहल साधारण अशी ठरते. कोणीतरी व्हॉट्सॲपवर जंजिऱ्याचा फोटो टाकतो, वीस जण अंगठा दाखवतात, जोडून सुट्टी आलेली बघून हॉटेल बुक होतं. समुद्राला विचारायचं तेवढं राहून जातं. मग अलिबागला पोचल्यावर कळतं की कुलाबा किल्ल्याभोवती छातीएवढं पाणी आहे आणि ओहोटी लागायला अजून पाच तास आहेत. पुढचे दोन्ही दिवस मग त्या पाच तासांच्या मागे धावण्यात जातात.

पहिल्यांदाच असा बेत आखणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मार्ग असा: मुंबई, अलिबागचा कुलाबा, रेवदंडा, कोर्लई, मुरुडचा जंजिरा, दिघी, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि परत. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यात मुद्दाम घेतलेले नाहीत. मालवण मुंबईपासून जवळजवळ ५०० किलोमीटर आहे. तीन दिवसांत ते कोंबायला गेलात तर किल्ले खिडकीतूनच दिसतील. ती सहल वेगळी करा.

१. आधी तिथी, मग तारीख

भिंतीवरचं कालनिर्णय काढा. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. त्या दिवशी साधारण तीन वाजता पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यात सहा तास मिळवले की नऊ वाजता पूर्ण ओहोटी. पंचमीला पावणेचारला भरती आणि पावणेदहाला ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच.

हा आडाखा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. बेत ठरवायला तेवढा पुरतो. निघायच्या आधी मुंबईचा छापील भरती-ओहोटीचा तक्ता किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेची माहिती पाहून वेळ पक्की करा. उंच लाटांचा इशारा असेल तर तोही इन्कॉइसवरच मिळतो.

कुठली तिथी चांगली? पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी लांबवर ओसरतं, पण पूर्ण ओहोटी सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. सकाळची गाठायला तुम्हाला आदल्या रात्रीच अलिबागला मुक्काम करावा लागेल, आणि संध्याकाळची गाठलीत तर परतताना अंधार आणि चढतं पाणी एकदमच येतं. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला, ऐकायला सोयीची, पण तेव्हा भांग असतो: पाणी पुरतं ओसरतच नाही आणि कुलाब्याची वाट गुडघाभर पाण्यात राहू शकते. म्हणून चतुर्थी ते षष्ठी यांच्यातला शनिवार शोधा. पंचमी मिळाली तर उत्तम. कृष्ण पक्षातली चतुर्थी निवडलीत तर संकष्टी आहे हे विसरू नका. निम्मा ग्रुप चंद्रोदयापर्यंत उपाशी आणि सुरमईच्या ताटासमोर हात जोडून बसलेला, हे दृश्य बघवत नाही.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो, जंजिरा आणि सुवर्णदुर्गाच्या होड्या बंद असतात. मार्चनंतर होड्या चालू असल्या तरी तटावर उभं राहवत नाही. नाताळ ते नववर्ष हा आठवडा सोडून द्या. त्या दिवसांत अलिबागच्या रस्त्यावर किल्ल्यापेक्षा जास्त वेळ पुढच्या गाडीचा बंपर बघावा लागतो.

आणि शनिवार-रविवार-सोमवार असा बेत करा. सोमवारची एक रजा टाकायची. का, ते परतीच्या रस्त्यात सांगतो.

२. माणसं मोजा, पैसे आधी घ्या

दहा ते बारा माणसं हा आकडा या मार्गाला बेताचा आहे. सुवर्णदुर्गासाठी अख्खी होडी ठरवावी लागते आणि ती दहा-बारा जणांत परवडते. पंधराच्या पुढे गेलात की चहाच्या प्रत्येक थांब्याला पाऊण तास जातो आणि ओहोटी कोणासाठी थांबत नाही.

"येतो" आणि "बहुतेक येतो" यांत फरक करा. बहुतेक येणाऱ्यांना मोजू नका. आगाऊ पैसे ज्याने दिले तो येणारा, बाकी सगळे शुभेच्छुक. पैसे एकाच माणसाकडे जमा होऊ द्या आणि सगळा खर्च त्याच्याच हातून. दुसऱ्या एकाकडे वेळ पाळायचं काम द्या. हा माणूस थोडा खडूस असलेला बरा. तिसरं काम इतिहासाचं, पण ते एकावर टाकू नका. एकेक किल्ला एकेकाला वाटून द्या, पाच मिनिटं बोलायचं, त्याहून जास्त नाही.

दारूचा विषय निघण्याआधीच तुम्ही काढा. गडावर नाही, होडीत नाही, पाण्यात उतरायच्या आधी नाही. ज्याला हे जमणार नाही त्याने यायचं नाही, हे मुंबईतच स्पष्ट झालं की पुढे कोणाचं तोंड वाकडं होत नाही.

३. गाडी

पर्याय दोन: एक टेम्पो ट्रॅव्हलर किंवा दोन मोठ्या गाड्या. मला दोन गाड्या बऱ्या वाटतात. कोर्लई गाव, केळशी, आंजर्ले इथले रस्ते नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातात. समोरून एसटी आली की एकाला मागे घ्यावंच लागतं, आणि एसटी मागे घेत नाही. शिवाय एक गाडी अडली तर दुसरी असते.

भाड्याची गाडी घेत असाल तर पिवळ्या नंबरप्लेटचीच घ्या. "ओळखीतल्याची आहे, स्वस्तात देतो" म्हणून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. चालकाचं जेवण, रात्रीचा मुक्काम, टोल, फेरीबोटीचं भाडं कोणी द्यायचं हे आधी लिहून घ्या.

सीएनजीवर भिस्त ठेवू नका. अलिबागला टाकी भरा, श्रीवर्धनला पुन्हा भरा. मधे पंप लागला नाही म्हणून तक्रार करायला मोबाइलची रेंजही मिळेलच असं नाही. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा.

नकाशावर "कुलाबा" टाकताना मात्र नीट बघा. मुंबईचा कुलाबा वेगळा, अलिबागचा किल्ला वेगळा. रायगड जिल्ह्याचं नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होतं, त्यामुळे जुन्या पाट्या आणि जुनी माणसं आणखी गोंधळ घालतात.

४. कागद आणि सामान

गाडीचे कागद: चालकाचं लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात, पण रेंज नसली तर म्हणून फोनमध्ये उतरवून ठेवा. भाड्याच्या गाडीचं परमिट.

माणसांचे कागद: प्रत्येकाचं ओळखपत्र, कारण मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्यांचं मागतात. रक्तगट आणि घरच्यांचा नंबर एका कागदावर लिहून दोन्ही गाड्यांत एकेक प्रत.

सुट्टे पैसे. होडी, पार्किंग, नारळपाणी, फेरीबोट. यूपीआय बहुतेक ठिकाणी आहे, पण जिथे रेंज नाही तिथे नाही, आणि नेमकी जेटीवरच रेंज जाते.

पायांत पट्ट्याचे सँडल किंवा जुने बूट. चप्पल नको. कुलाब्याच्या वाटेवरच्या आणि सुवर्णदुर्गाच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. टोपी, टॉर्च, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, माणशी दोन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, मलमपट्टी, उलटीच्या गोळ्या. सुका टॉवेल गाडीत.

ड्रोन घरी ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांवर परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि किनारपट्टीवर पोलीस याबाबतीत ऐकून घेत नाहीत.

अजून एक गोष्ट, जी अशा याद्यांमध्ये कोणी लिहीत नाही. किल्ल्यांवर स्वच्छतागृहाची आशा धरू नका. ग्रुपमध्ये बायका आणि वयस्कर माणसं असतील तर प्रत्येक किल्ल्याआधी हॉटेल, पेट्रोल पंप किंवा एसटी स्टँडवर थांबा ठरवूनच घ्या. आयत्या वेळी शोधायला लावू नका.

५. मुंबईतून बाहेर पडणं

पंचमीचा शनिवार धरला तर पूर्ण ओहोटी पावणेदहाची. कुलाब्याच्या वाटेला ओहोटीच्या दीड तास आधी लागता येतं, म्हणजे सव्वाआठ-साडेआठला अलिबागच्या किनाऱ्यावर पोचायचं. यासाठी मुंबईतून पहाटे साडेचार-पाचला निघावं लागतं. सहाला निघू म्हणाल तर वडखळ नाक्यावर अडकाल.

दक्षिण किंवा मध्य मुंबईतून निघणाऱ्यांना शिवडीहून अटल सेतू सोयीचा. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल थेट उरणच्या बाजूला चिर्ल्याला उतरवतो, तिथून पेण-वडखळ-अलिबाग. दुचाकी मात्र या पुलावर चालत नाहीत. ग्रुपमधला कोणी बुलेटवर येणार असेल तर त्याला वाशी-पनवेलमार्गे आधी निघायला सांगा. ठाणे, डोंबिवली, कल्याणकरांनीही पनवेलच धरावं.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट हा दुसरा मार्ग. साधारण तासाभरात पलीकडे, आणि मांडव्याहून अलिबाग जवळ. गाडीची जागा आधी बुक करा आणि त्या दिवशीच्या फेरीची वेळ तुमच्या ओहोटीशी जुळते का ते पाहून मगच पैसे भरा. जुळत नसेल तर जाताना रस्ता बरा.

६. पहिला दिवस: कुलाबा, रेवदंडा, कोर्लई

गाड्या अलिबागच्या किनाऱ्यावर लावा आणि चालत निघा. वाट ओल्या वाळूची आणि मधे खडकाची. समोर दिसतो म्हणून किल्ला जवळ वाटतो. रमतगमत, फोटो काढत गेलात तर वेळ कसा जातो कळत नाही. घोडागाड्याही असतात, वयस्करांना त्यात बसवा.

इथला सापळा जाताना नसतो, येताना असतो. ओहोटी पूर्ण झाली की पाणी लगेच फिरतं, आणि ते समोरून येत नाही, दोन्ही बाजूंनी वाटेवर चढतं. पावणेदहाची ओहोटी असेल तर सव्वाअकराला तुम्ही परत वाळूवर पाय ठेवलेला हवा. वेळ पाळणाऱ्या खडूस माणसाने साडेदहालाच ओरडायला सुरुवात करावी. उशीर झालाच तर पाण्यातून चालत यायचं धाडस करू नका, गडावर थांबा, होडी मिळते का बघा. दरवर्षी कोणी ना कोणी तिथे अडकतं.

गडावर भारतीयांना २५ रुपये तिकीट, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. शिवाजी महाराजांनी आयुष्याच्या अखेरीस या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं. तटाचे दगड जवळून बघा: बाहेरच्या बाजूला मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडतो. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आणि गणपती पंचायतनाचं देऊळ आहे, ते १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलं. उत्तरेच्या तटावर गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांच्यावर १८४९ हे साल वाचता येतं. म्हणजे या तोफा आंग्र्यांच्या नाहीत, आंग्रे संपल्यानंतरच्या आहेत. त्यांच्यावर चढून "कान्होजींची तोफ" म्हणून फोटो काढणारे बरेच भेटतील.

आंग्र्यांच्या आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांची समाधी अलिबाग गावात आहे. १७२९ मध्ये ते गेले. किल्ल्यावरून परतताना दहा मिनिटं तिथे थांबा, बहुतेक ग्रुप थेट जेवायला पळतात.

दुपारचं जेवण अलिबागला उरकून चौल-रेवदंड्याकडे निघा. रेवदंड्याला डांबरी रस्ताच किल्ल्याच्या तटातून आत शिरतो, त्यामुळे किल्ला मागे पडला तरी कळत नाही. आत पोर्तुगीजांच्या गावाचे अवशेष वाड्यांमध्ये विखुरलेत, एक उंच मनोरा अजून उभा आहे. निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात याच चौलच्या बंदरात उतरला होता. अर्धा तास पुरे. इथे रेंगाळलात तर कोर्लई हातची जाईल, आणि कोर्लई सोडण्यासारखी नाही.

कुंडलिकेवरचा पूल ओलांडून कोर्लई गावातून दीपगृहापर्यंत गाडी जाते. रस्ता अरुंद आणि एका बाजूला समुद्र, ट्रॅव्हलर असेल तर गावाबाहेरच सोडा. दीपगृहापासून पायऱ्या चढून पंधरा-वीस मिनिटांत गडावर. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या चिंचोळ्या धारेवर हा किल्ला बसवलाय, एकामागून एक दरवाजे ओलांडत जायचं, मधे पडकं चर्च, पोर्तुगीज शिलालेख. निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी तो १५९४ मध्ये घेतला. खालच्या कोर्लई गावातली ख्रिस्ती वस्ती आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलते. सबंध सहलीत एकच किल्ला निवडायचा झाला तर मी जंजिरा सोडून हा निवडेन. गर्दी नाही, तिन्ही बाजूंना पाणी, आणि कोणी गाइड मागे लागत नाही. सूर्य मावळायच्या आधी पायऱ्या उतरा, वर दिवे नाहीत.

मुक्काम मुरुडला. मधे काशीद लागतं. रात्री किंवा संध्याकाळी तिथे पाण्यात उतरायचा हट्ट कोणी धरला तर स्पष्ट नाही म्हणा. या पट्ट्यात वाळू सपाट दिसते, पण ओढ जबर आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी भरदुपारी बुडाले होते.

जेवणाचं घरगुती खानावळीत सांगणार असाल तर दुपारीच फोन करा: किती जण, त्यातले किती शाकाहारी, मोदक हवेत का. रात्री आठला बारा माणसं दारात उभी राहिली तर काकू जे उरलंय तेच वाढणार, आणि बरोबरच आहे त्यांचं.

७. दुसरा दिवस: जंजिरा आणि दोन फेरीबोटी

लवकर उठा. राजपुरीच्या धक्क्यावर सकाळच्या पहिल्या होडीला जा. दहानंतर रांग लागते, बसेस येतात, मग होडीत आणि किल्ल्यातही धक्के खात फिरावं लागतं. लाइफ जॅकेट मागून घ्या, आपणहून देतील याची वाट बघू नका. किल्ल्याच्या पायऱ्यांशी होडी वरखाली होते. पाय टाकताना होडीवाल्याचा हात धरा, मोबाइल नाही.

होडीवाले साधारण पाऊण तासात परत बोलावतात. बावीस एकरांच्या किल्ल्याला पाऊण तास म्हणजे काहीच नाही. होडीत बसण्याआधीच बोलून घ्या: आम्ही दुसऱ्या फेरीने येऊ, चालेल का? सकाळी गर्दी नसताना बहुधा ऐकतात.

दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तो दोन बुरुजांच्या आडोशाला आहे. आत शिरताना पंज्यांखाली हत्ती दाबलेल्या श्वापदाचं शिल्प शोधा. कलालबांगडी तोफ सगळेच बघतात, मागचा दर्या दरवाजा आणि गोड्या पाण्याचा तलाव मात्र घाईत सुटतो. होडीवरचा गाइड "समुद्राखालून भुयार आहे" म्हणून सांगेल. ऐका, हसा, पुढे चला. खरा इतिहास त्याहून चांगला आहे. १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत यांच्या मोहिमेत लाय पाटील या कोळ्याने रात्रीत तटाला शिड्या लावल्या, पण मागून यायची फौज वेळेवर आलीच नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत दगडांचा सेतू भरायला घेतला आणि मोगली फौज कोकणात उतरल्याने तो अर्धवट राहिला. सिद्दीच्या तटावर उभं राहून समोरचं ते पाण्याचं अंतर बघितलं की दोन्ही गोष्टींचं मोल कळतं. पलीकडे मुरुडसमोर शिवाजी महाराजांचा पद्मदुर्ग दिसतो. तिथे नियमित होडी नाही, त्यामुळे या बेतात तो लांबूनच.

मुरुडचा नवाबाचा वाडा खासगी आहे, फाटकावर हुज्जत घालू नका. त्याऐवजी राजपुरीजवळच्या खोकरीच्या सिद्दी कबरी बघा, रस्त्यालगत आहेत आणि तिथे कोणी नसतं.

मग आगरदांड्याला या. इथून गाडीसकट फेरीबोटीने दिघीला. स्थानिक लोक हिला जंगलजेटी म्हणतात. वेळा जेटीवर लिहिलेल्या असतात, पण आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. गाडी चढवताना चालक सोडून सगळ्यांनी उतरायचं, बोटीवर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. इशारा करणारा पोरगा लहान दिसला तरी त्याचंच ऐका, तो दिवसभर हेच करतो.

दिघीहून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा रस्ता मजेचा आहे आणि म्हणूनच धोक्याचा, कारण प्रत्येक वळणावर कोणीतरी "थांबूया ना" म्हणतं. जेवण श्रीवर्धनला, बाकी एकच थांबा. हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी उतरायचं नाही. षष्ठीला भरती साडेचारची, म्हणजे तुम्ही नेमके तेव्हाच तिथे असाल. वरूनच नमस्कार करा.

बागमांडल्याहून दुसरी फेरीबोट सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला सोडते. इथून रत्नागिरी जिल्हा. बाणकोटचा हिंमतगड चढावर आहे, गाडी जवळपर्यंत जाते. जांभ्या दगडाचा छोटा, आटोपशीर किल्ला. इंग्रजांनी घेतल्यावर त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. तटावरून सावित्री समुद्राला मिळते ते दिसतं, आणि मघाशी जिथून निघालात तो हरिहरेश्वरचा डोंगर पलीकडे. अर्धा तास थांबा.

पुढे केळशी-आंजर्लेमार्गे हर्णै. अंधार पडायच्या आत पोचायचा प्रयत्न करा, या रस्त्यावर वळणं फार आणि दिवे नाहीत. उशीर झाला असेल तर केळशीलाच मुक्काम करणं शहाणपणाचं, म्हणून खोल्या बुक करताना रद्द करायची सोय विचारून ठेवा. आणि खोल्या किती यापेक्षा बाथरूम किती ते आधी विचारा. सकाळी सातला निघायचं ठरलेली बारा माणसं एका बाथरूममुळे नऊला निघतात.

८. तिसरा दिवस: हर्णै

सकाळी बंदरावर या. होड्या लागलेल्या असतात, वाळूवर मासळीचा लिलाव चालू असतो. पावलं जपून टाका आणि लिलावाच्या मधे उभं राहून सेल्फी काढू नका, ती माणसं कामावर आहेत.

सुवर्णदुर्गाची होडी इथेच ठरते. भाव करताना तीन गोष्टी एकदमच बोला: जाऊन-येऊन किती, गडावर किती वेळ थांबणार, लाइफ जॅकेट आहेत का. पैसे परत आल्यावर. या किल्ल्याला धक्का नाही, होडी पुळणीला लागते आणि तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरता. होडीवाला "आज वारा आहे, नको" म्हणाला तर दुसरा होडीवाला शोधू नका.

महादरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती आधी बघा, नंतर तट. काही ठिकाणी मूळ खडकच तासून त्याचा तट केलाय. आत झुडपं माजलेली आहेत, विहिरींचे कठडे त्यात लपलेले असतात, म्हणून मुलांना मोकळं सोडू नका. कान्होजींच्या आरमाराचा हा आधार १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला, आणि तोही पेशव्यांशी हातमिळवणी करून, तुळाजी आंग्र्यांविरुद्ध. ज्याच्या वाट्याला हा किल्ला आलाय त्याने ही गोष्ट गडावर सांगावी. वाद होईल, होऊ द्या, फक्त होडीची वेळ सांभाळा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे. अलिबागजवळचा खांदेरीही आहे. गडावर सावली, पाणी, खाणं मात्र काही नाही, सगळं बरोबर न्या आणि कचरा परत आणा.

किनाऱ्यावर आणखी तीन किल्ले आहेत. गोवा किल्ला रस्त्यालगत, अर्ध्या तासात होतो. कनकदुर्गावर दीपगृह, तिथून सुवर्णदुर्ग सगळ्यात चांगला दिसतो. फत्तेगडावर आता पूर्ण कोळीवाडा वसलाय, लोकांच्या अंगणातून "किल्ला कुठे आहे?" विचारत फिरू नका.

९. परतीचा रस्ता

दुपारी एकपर्यंत हर्णै सोडा. दापोलीहून मंडणगड, म्हाप्रळ, आंबेत, गोरेगाव, माणगाव असा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला लागतो. दापोली-खेड करूनही महामार्ग गाठता येतो, तो घाटाला कंटाळलेल्यांसाठी. रविवारी संध्याकाळी माणगावच्या बाजारात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, सोमवारची रजा त्याच्यासाठी होती. हर्णैला येताना धरलेली फेरीबोटीची वाट पुन्हा धरू नका, तिथे एक फेरी चुकली की रात्र.

तीन दिवस गाडी चालवलेल्या माणसाला शेवटचा टप्पा देऊ नका. चालक बदला, आणि जो चालवत नाही त्याने पुढच्या सीटवर झोपायचं नाही.

खजिनदाराने हिशोब माणगावच्या चहालाच मांडावा, सगळे समोर असताना. मुंबईत पोचल्यावर ग्रुपवर टाकलेल्या हिशोबाला नुसते अंगठे येतात, पैसे येत नाहीत.

हर्णैची सुकी मासळी घेणार असाल तर दोन पिशव्यांत बांधून, झाकणाच्या डब्यात, आणि एकाच गाडीत. कुठल्या गाडीत, ते निघण्याआधी चिठ्ठ्या टाकून ठरवा. भाड्याची गाडी असेल तर चालकाला आधी विचारा.